दुसऱ्या अंकातला आवाज

११ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटीस,

आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील. दौऱ्यावर खाण्याझोपण्याचे हाल होत असतील, पण त्यात मी लक्ष घालायचं काही कारण उरलेलं नाही. हे मध्यंतरी डेपोत बसखाली काम करताना गुडघ्यावर आपटले होते, आता बरे आहेत. पोर सहावीत गेली. उंची यांच्यावर गेली आहे आणि हट्ट तुझ्यावर.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुझ्या मनात येईल. मी लिहिते. तुमच्या जाहिरातीत पुढच्या मुक्कामाच्या थिएटरचा पत्ता होता, तिथे पाठवते आहे.

तुमचं नाटक पाहिलं. रविवारचा दुपारचा खेळ, बाल्कनी, तिकिटं काढून. फुकट पास मागायला मी आले नाही, हे आधी नोंदवून ठेव. गेली दोन वर्षं पोर आणि मी त्या नाटकाची गाणी ऐकतो आहोत. तिला सगळी पाठ आहेत, मधल्या तबल्याच्या तुकड्यांसकट. पेपरात तुमच्याबद्दल काही आलं की मी कापून ठेवते. सहा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही म्हणून तुझं गाणं ऐकायचं नाही, इतकी मी वेडी नाही. चाहती म्हण हवं तर. तिकीट काढणाऱ्या माणसाला जे बोलायचा हक्क असतो, त्या हक्कानं बोलते.

पहिला अंक लांबला आहे. धुलाईच्या कारखान्याचा देखावा उभा केलाय, तो मात्र झकास. वरून उतरणाऱ्या त्या ओल्या चादरी, मागची वाफ, आणि बायका चादरी झटकतात तो आवाजच ताल होतो, ते सुचलं कुणाला? तुला नक्कीच नाही. तू घरात कधी एक रुमाल झटकला नाहीस. तुमचा नायक नाकात गातो. रेकॉर्डवर ते कळत नव्हतं, समोर बसल्यावर लपत नाही. मुकादम झालेला म्हातारा उत्तम. तुझे कपडे फार नवे वाटतात. कारखान्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीच्या बाहीला इस्त्री नसते.

तू वाळली आहेस. वरचा स्वर अजून तसाच लागतो, खोटं कशाला बोलू. आई मरते त्या प्रसंगाला मात्र तू जरा जास्तच रडतेस. रडताना प्रेक्षकांकडे बघायची तुझी खोड लहानपणापासूनची. माझ्या शेजारच्या बाईंना ते आवडलं, मला नाही.

मध्यंतरात पोरीनं पुस्तिका घ्यायला लावली. यांनी चहा आणला. तोपर्यंत, माझी नाराजी धरूनसुद्धा, मी खूश होते. परत जागेवर जाताना पोर माझ्या हाताला धरून उड्या मारत होती आणि मी तिला नीट चाल म्हटलं नाही.

मग दुसरा अंक. तू करतेस ती मुलगी शहरात येते, मोठी गायिका होते, आणि एका जलशात गळा धरतो म्हणून गाणं कायमचं सोडायला निघते. रंगमंचावर अंधार. वाद्यं थांबली. आणि मेलेल्या आईचा आवाज आला.

हे गाणं तुमच्या रेकॉर्डमध्ये नाही. त्यामुळे मी बेसावध होते.

पहिल्या दोन ओळी मी इतरांसारख्याच ऐकल्या. जुनाट, घरगुती आवाज, बरा आहे, असं मनात म्हटलंसुद्धा. मग तिसऱ्या ओळीत ‘येते’ हा शब्द आला आणि त्या बाईनं मध्येच श्वास घेतला. ‘ये’ म्हणाली, श्वास घेतला, मग ‘ते’ म्हणाली. असा श्वास कुणी शहाणी गायिका घेत नाही. मी घेतला होता. मागच्या खोलीत, दाराला दोन घोंगड्या टांगून, तुझा तो लाल टेपरेकॉर्डर उशीवर ठेवून. तुझा घसा बसला होता आणि तू नुकतीच बांधलेली चाल विसरशील म्हणून रडकुंडीला आली होतीस. म्हणालीस, ‘ताई, तू नुसती गाऊन ठेव, मला आठवणीपुरती.’ मी सर्दीतच गायले.

आठवणीपुरती.

मी यांच्याकडे पाहिलं. यांना कळलं होतं. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून खाली बघत बसले होते. शेजारच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या. आणि माझी पोर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘आई, मावशी किती छान गाते ना?’

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

दिवे लागल्यावर पुस्तिका उघडली. ‘आईचा आवाज’ आणि त्यापुढे तुझं नाव. धडधडीत छापलेलं. मला वाटलं होतं, निदान ती जागा तरी रिकामी सोडली असशील.

पोरीला तुझी सही हवी होती. मागच्या दाराशी रांग लागली होती. मी तिचं मनगट धरून सरळ बसथांब्यावर नेलं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

चाल तुझी आहे, मान्य. शब्दही तुझे. आवाज माझा आहे. तो तू विचारल्याशिवाय नेलास, गावोगाव वाजवलास आणि त्यावर आपलं नाव लावलंस. माझ्या घरात, माझ्या सासूबाईंसमोर, वाढलेल्या ताटावर बसून तू काय म्हणाली होतीस ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. ‘ताईचा गळा माझ्यापेक्षा चांगला होता, पण तिनं तो बस सोडण्यात घालवला.’ मी स्थानकावर माइकवर घोषणा करून बस सोडत होते आणि त्या पगारावर तुझे गाण्याचे क्लास झाले, हे सांगायला तेव्हा मला सुचलं नाही. दार दाखवायला तेवढं सुचलं. आता कळतं, वाया गेलेल्या गळ्यातलं कामाचं होतं तेवढं तू आधीच बाजूला काढून ठेवलं होतंस.

ते गाणं नाटकातून काढून टाक. पुढच्या मुक्कामापासून ते वाजता कामा नये. कोर्टकचेरी करणारी मी नाही, पण गप्प बसेन असंही समजू नकोस.

फोन करू नकोस. मी फोनवर बोलत नाही.

ताई


२४ नोव्हेंबर, सोमवार

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. त्यातली तीन तुझ्या कष्टांची आहेत. ती मी वाचली, हे पोचपावती म्हणून सांगते.

तू म्हणतेस, दिग्दर्शकाला साधा, न शिकवलेला आवाज हवा होता. तुम्ही सात बायकांचे आवाज घेऊन पाहिले आणि कुणाचाच जमेना. मग तू ती कॅसेट ऐकवलीस, आणि सगळे म्हणाले, हाच. ‘कुणाचा आवाज’ असं त्यांनी विचारलं तेव्हा तुझ्या तोंडून ‘माझाच, लहानपणीचा’ असं निघून गेलं, आणि एकदा निघून गेलेलं परत घेता येईना. धाकटे, निघून जाते ती शिंक. छापखान्यात नाव आपोआप जात नाही.

तू हेही लिहिलंस की मी तुला घराबाहेर काढलं, त्यामुळे परवानगी मागायला यायचं कुठून? पत्ता तोच होता. पत्र पाठवायला उंबरा ओलांडावा लागत नाही, हे आता तुला कळलंच आहे.

तू फोन केलास तो यांनी घेतला. ‘ती बोलू शकत नाही,’ असं ते तुला म्हणाले. त्यावर तू लिहितेस, ‘भावजींना पुढे करून तू मागे बसतेस, हा तुझा जुनाच ताठा.’ आणि शेवटी मोठं मन केल्यासारखं लिहितेस, ‘एवढंच असेल तर ये स्टुडिओत, ताई. तेच गाणं आज पुन्हा गा. मी जुनं काढते, नवं लावते, तुझ्या नावानं.’

ही ओळ वाचून मी हसले. आमच्या खोलीत बरोबर काम करणारी बाई विचारायला लागली, काय झालं. तिला पत्र दाखवलं. ती वाचून हसली नाही.

हे बोलले ते शब्दशः खरं होतं. मी बोलू शकत नाही.

चार वर्षं झाली. गळ्यात गाठ आली. थायरॉइडची, म्हणाले, साधी असेल. साधी नव्हती. आवाजाची जी शीर असते तिला ती वेढून बसली होती. डॉक्टरीणबाई चांगली होती, काही लपवलं नाही. म्हणाली, ‘गाठ पूर्ण काढायची तर शीर वाचेलच असं नाही.’ मी म्हटलं, काढा. पोर तेव्हा सात वर्षांची होती. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि आजही नाही.

गाठ गेली, ती परत आलेली नाही. आवाजही आला नाही. हवा येते. घरातल्या सायकलच्या पंपातून येते तशी. शांत खोलीत, जवळ बसलेल्या माणसाला कळतं मी काय म्हणते ते. पंखा चालू असला तर नाही. फोनवर तर पलीकडच्याला वाटतं, कुणीतरी चावटपणा करतंय.

माइकच्या खोलीतून मला पार्सलखोलीत पाठवलं. काम वाईट नाही. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, वजन करायचं, शिक्का मारायचा. एक गंमत सांगते. मी कुजबुजते म्हणून समोरचा माणूसही कुजबुजतो. पार्सल सोडवायला आलेले लोक माझ्याशी असे बोलतात की बघणाऱ्याला वाटावं, आम्ही दोघं मिळून ते खोकं लांबवणार आहोत. भाजीवाला उलट, माझ्याशी ओरडून बोलतो. त्याला वाटतं मी बहिरी आहे.

तुला का कळवलं नाही, असं तू विचारशील. विचारू नकोस, सांगून टाकते. ‘बस सोडण्यात घालवला’ हे तुझं वाक्य तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. तुला कळवलं असतं तर तू रडत आली असतीस, आणि माझ्या खाटेभोवती जमलेल्या सगळ्यांनी तुलाच पाणी दिलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. त्यात ताठा असेल तर असो.

तर स्टुडिओत येऊन पुन्हा गाण्याचं असं आहे.

आता तुला कळेल की मला काय ऐकू आलं. तुझ्यासाठी ती एक जुनी कॅसेट. माझं कुठलंच रेकॉर्डिंग घरात नाही. लग्नाचं चित्रीकरण केलं त्यात मी एक शब्द बोललेली नाही. स्थानकावर इतकी वर्षं बोलले ते सगळं हवेत गेलं. माझ्या पोरीला माझा आवाज आठवत नाही. मी एकदा तिला विचारलं होतं, तर म्हणाली, ‘तू जोरात हाक मारायचीस एवढं आठवतं.’ आणि तोच आवाज नऊशे माणसांच्या थिएटरात वरून तिच्या अंगावर आला, तर तिनं तो तुझा म्हणून ऐकला, आणि माझ्याजवळ तुझं कौतुक केलं.

मी तिला तिथल्या तिथे सांगू शकले असते, असं म्हणशील. भोवती टाळ्या चालू होत्या. कसं सांगणार होते?

उत्तर लिहिण्याची घाई करू नकोस. दयेचं पत्र आलं तर न उघडता परत करीन. गाणं काढ म्हटलंय, तेवढं कर.

ताई


१५ डिसेंबर, सोमवार

धाकटीस,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. गाणं काढलंस. तुझ्या कंपनीतल्या पेटीवाल्यानं यांना फोन करून बाकीचं सांगितलं. तो म्हणाला की तू दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर खरं सांगितलंस. पुढच्या गावात आईच्या आवाजाच्या जागी तू स्वतः गाऊन पाहिलंस, मग नुसती सारंगी वाजवून पाहिली, मग काहीच नाही. प्रसंग पडतो, म्हणाला. लोक खोकायला लागतात. दिग्दर्शक तुझ्यावर चिडून आहे आणि तू कुणाशी बोलत नाहीस. हे सगळं तू सांगायला लावलं नव्हतंस, असं त्यानं दोनदा सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवते.

माझं म्हणणं तू ऐकलंस. मला बरं वाटायला हवं होतं.

इथे काय झालं ते सांगते. तुझी चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी पोर आरशासमोर उभी राहून ते गाणं म्हणत होती. एकदाच ऐकलेलं, पण तिला सगळी चाल उतरली होती. आणि ‘येते’वर तिनं मध्येच श्वास घेतला. तिला वाटलं, गाणं तसंच आहे.

हे स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, ‘आता तू सांगतेस की मी सांगू?’

मी सांगितलं. पंखा बंद केला, तिला पुढ्यात बसवलं आणि सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली, खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, ‘ती तू होतीस?’ मी हो म्हटलं. ‘मग तू मला ओरडतानासुद्धा तशीच ऐकू यायचीस?’ यांना हसू आवरेना. यांनी तिला सांगितलं की ओरडताना याहून दणदणीत. मग ती रडली, आणि माझ्यावर चिडली, की थिएटरातून ओढून का आणलंस. आणि मग जे विचारलं ते मला पुरून उरलं. ‘परत कधी ऐकायला मिळेल?’

 कधीच नाही, कारण तुझ्या आईनं पत्र लिहून ते बंद करवलं?

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी पहिल्या दोन्ही पत्रांत गाळली, कारण ती कळली असती तर तू माझ्या रागाला किंमत दिली नसतीस.

रविवारी नाटक पाहून आले आणि सोमवारी परत गेले. एकटी. पार्सलखोलीत दाढ दुखते अशी खूण केली आणि दुपारच्या खेळाला बाल्कनीत अगदी मागे जाऊन बसले. पहिला अंक मी पाहिलाच नाही, नुसती वाट बघत बसले. दुसऱ्या अंकात अंधार झाला तेव्हा पुढच्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तोंडावर बोट ठेवलं. तो ओशाळला. मग ती गायला लागली. मी तिच्याबरोबर ओठ हलवले. श्वास तिच्याच जागी घेतला. माझ्या गळ्यातून आवाज येतो आहे असं मला वाटलं नाही, तसलं काही तुझ्या नाटकात घडतं. पण तेवढा वेळ मला कुणाचाच राग नव्हता. तुझासुद्धा.

दिवे लागल्यावर तो सगळा परत आला, आणि दुप्पट आला. ते पहिलं पत्र मी मंगळवारी लिहिलं. काढून टाक म्हटलं, कारण तुमचा मुक्काम हलला नसता तर मी रोज तिथे जाऊन बसले असते. तशी मी मला चालणार नव्हते.

तर आता नीट वाच. गाणं परत लाव. जसं आहे तसं, सर्दीसकट. त्यातला श्वास तुमच्या मशीनवाल्याला दुरुस्त करू देऊ नकोस. पुस्तिकेत माझं नाव छाप, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. तुला स्पेलिंग येत नसेल तर यांना विचार. नावापुढे ‘कै.’ किंवा ‘माजी’ असलं काही लागता कामा नये. खेळ संपल्यावर माझ्याबद्दल रंगमंचावरून हळवं भाषण करू नकोस. तू ते करशील याची मला खात्री आहे म्हणूनच लिहून ठेवते.

मूळ कॅसेट मला हवी. टपालानं नको, फुटेल. आणि तुझ्या माणसाबरोबर नको.

तुमचा खेळ गुरुवारी नसतो असं जाहिरातीत आहे. माझी सुट्टीही गुरुवारीच असते. सासूबाई आता नाहीत. पोर तीनला शाळेतून येते. तू आणायची ती कॅसेट आणि ती वाजवायला काहीतरी. आमच्याकडे टेपरेकॉर्डर नाही. तिला आधी नुसतं ऐकू दे, बाजूला बसून गाऊ लागू नकोस. सहीसाठी तिनं पुस्तिका जपून ठेवली आहे, ती दे तिला.

मी तुला माफ केलेलं नाही. ते काही पत्रानं होणारं काम नाही, आणि होईलच असंही कबूल करत नाही. पुष्कळ बोलायचं साचलं आहे, त्यातलं बरंचसं तुला आवडणार नाही. आणि ते तुला समोरच्या खुर्चीवरून ऐकू येणार नाही. माझं बोलणं हातभर अंतरापलीकडे पोचत नाही. तेव्हा तुला माझ्या अगदी शेजारी बसावं लागेल. त्याला माझा इलाज नाही.

ताई